गुडघ्याएवढा ओटा

या वहीत कुणी डोकावलंच, तर आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, आणि अक्षर तर मुंग्या सांडल्यासारखं येतं. पण मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष लिहून ठेवावंसं वाटलं.

मी पंचवटीच्या बाजारात भाजी विकते. मुलगी आर्किटेक्ट व्हायला शिकत होती. शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एक मोठी इमारत स्वतः निवडायची, तिचे नकाशे काढायचे आणि पुठ्ठ्याचं मॉडेल करायचं. मैत्रिणींनी हॉटेलं, दवाखाने घेतले. हिने भाजीबाजार घेतला. म्हणाली, "बंगले काढणारे पुष्कळ आहेत, आई. मला बाजार, बसस्टँड असलं काम करायचंय. जिथे सगळेच येतात." हे काम पास झालं नाही तर पूर्ण वर्ष जाणार होतं.

महिनाभर घरभर पुठ्ठ्याचे तुकडे. एकदा तर आमटीत हिरव्या स्पंजचं झाड निघालं. मॉडेल मात्र देखणं झालं. छपराखाली ओळीने ओटे आणि प्रत्येक ओट्यामागे इवलीशी बाई उभी. मला बघताक्षणी खटकलं. ओटा कमरेएवढा उंच होता. आम्ही दिवसभर मांडी घालून बसतो, माल गुडघ्याशी, काटा हाताशी. पण मी बोलले नाही. एवढं शिकलेल्या पोरीला मी काय सांगणार?

परीक्षक यायला आठ दिवस असताना ती हौसेने मॉडेल बाजारात घेऊन आली. माझ्या शेजारी पालेभाजी विकणारी मावशी वाकून बघू लागली.

"या बाया उभ्या का गं? शिक्षा केली का त्यांना?"

"उभं राहून विकायचं, मावशी. नीटनेटकं दिसतं."

"सकाळपासून दिवस मावळेस्तोवर? तूच राहा उभी! आन् वर चढून बसलो तर गिऱ्हाइकाच्या डोक्यावर बसलो. मेथीवर पाणी मारलं की सगळं त्याच्या अंगावर. लय भारी बाजार हाय!"

आजूबाजूच्या सगळ्या हसल्या. मुलगी माझ्याकडे वळली.

"आई, तुला कळलं होतं?"

मी होकाराची मान हलवली.

"मग बोलली का नाहीस?"

"तू शिकलेली..."

"अगं, यातलं तूच शिकलेली आहेस!"

तिने तिथेच टेप काढला. मला बसवून गुडघा मोजला, हात कुठवर पोचतो ते मोजलं, गिऱ्हाईक किती वाकतं तेही मोजलं. "ब्लाऊज शिवतीस का आईला?" मावशी म्हणाली. मला कुठे लपू असं झालं.

नवा ओटा गुडघ्याएवढा झाला, पुढे पाणी वाहून जायला चर. पण सगळं मॉडेल आणि नकाशे पुन्हा करायला सहा हजार लागणार होते, आणि आमच्याजवळचं सगळं फीमध्ये गेलेलं. मावशीने कमरेची पिशवी सोडली. "मीच मोडलं ना, मीच बांधते."

परीक्षेच्या दिवशी मी कॉलेजात दाराआड उभी होते. परीक्षकांनी विचारलं, "ही उंची कुठल्या पुस्तकातून घेतली?"

"आईला बसवून मोजली, सर."

"आई कुठे आहेत?"

सगळे दाराकडे बघायला लागले. मी पदर सावरत पुढे झाले. त्यांनी विचारलं तेवढं सांगितलं: गोण्या कुठे ठेवतो, दुपारचं ऊन कुठून येतं. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मुलगी चांगल्या मार्कांनी पास झाली.

आता ती गंगापूर रोडच्या एका ऑफिसात काम करते. सध्या दुसऱ्यांच्या बंगल्यांचे जिने आणि बाथरूम काढते. बाजारही मिळेल म्हणते.

मावशीच्या सहा हजारांतले दोन हजार मी शंभर-शंभर करून फेडले होते. पहिला पगार झाला तशी मुलगी सकाळी बाजारात आली आणि उरलेले चार हजार मावशीच्या हातावर ठेवले. मावशीने अंगठा ओला करून दोनदा मोजले.

"पुरे हायेत," ती म्हणाली. "फिटले गं सगळे."