तुरीला बांधलेल्या काळ्या चिंध्या

हे सांगायचं मी सहा वर्षं टाळलं. कुणी शेजारच्या अक्काचं नाव काढलं की पाऊसपाण्यावर बोलायला लागायचो. आता टाळणार नाही. औराद तालुक्यातल्या आमच्या गावात जे झालं, ते माझ्यामुळं झालं.

शाळेतून निवृत्त झाल्यावर वेळ जाईना. मोबाइलवर तोडगे शिकवणारे व्हिडिओ बघायला लागलो. कोणत्या रंगाला कोणता वार, कोणती दिशा, कशासाठी, सगळं सांगायचे. शिक्षकच मी, पट्टी घेऊन वहीत तक्ता आखला. लाल, मंगळवार, दक्षिण, भांडण. काळा, शनिवार, पश्चिम, बंधन. सगळा पाठ केला. लिंबं, धागे आणून स्वतःच्या उंबऱ्यावर करूनही बघितलं.

त्या वर्षी तूर शेंगांवर असताना धाकट्या भावाची म्हैस गाभडली, पोटातलं रेडकू गेलं. कुणी करणी केली का बघायला तो मला रानात घेऊन गेला. बांधापलीकडं अक्काची तूर. नवरा वारल्यापासून ती एकटीच शेती करायची. तिच्या काही झाडांना काळ्या चिंध्या बांधलेल्या दिसल्या, आणि त्याही पश्चिमेला, आमच्या बांधाकडं.

"हे बंधन हाय," मी म्हणालो.

संध्याकाळी देवळापाशी लोक जमले. अक्काला बोलावलं.

"अक्का, कामून बांधलीस चिंध्या?" भावानं विचारलं.

"बियाला राखायले. चांगली झाडं ध्यानात ऱ्हावीत म्हणून."

"मग काळ्याच कामून?"

"माझा जुना परकर काळा हाय, बाबा. तुझी बायकू देती का लाल लुगडं फाडून?"

दोघंतिघं हसले. तेव्हा मी वही उघडली आणि रंग, वार, दिशा वाचून दाखवल्या. हसणं थांबलं. गुरुजीच म्हणायलेत म्हटल्यावर कोण बोलणार? अक्का माझ्याकडं बघत म्हणाली, "माझ्या पोराला तुम्हीच शिकिवलं की, गुरुजी." आणि निघून गेली.

पंधरा दिवसांत मर रोगानं दोन्ही रानांतली तूर वाळली. मी बांधावर गेलो. चिंध्यांची झाडं तेवढी हिरवी, शेंगांनी लगडलेली. त्या बाजूला जमीन उताराची आहे, पाणी थांबत नाही; म्हणून चांगली झाडं तिकडं होती. मला तिथंच सगळं समजलं. गावाला सांगायला हवं होतं. गुरुजी चुकले असं कसं म्हणायचं, एवढ्यासाठी गप्प बसलो.

कापणीला एकही बाई तिच्या रानात गेली नाही. लग्नाकार्याची बोलावणी बंद झाली. एकटीनं होईल तेवढं कापून तिनं रान बटईनं, पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला दिलं आणि कलबुर्गीला मुलाकडं गेली.

मागच्या वर्षी मी तिचं घर शोधत गेलो. तिनं चहा केला, रानाचं विचारलं. मी तासभर पिकाचं, नातवंडांचं बोलत राहिलो. निघताना ती दारापर्यंत आली.

"काही सांगायचं होतं का, गुरुजी?"

"न्हाई. असंच आलतो."

चार महिन्यांनी तिच्या मुलाचा फोन आला. अक्का गेली होती.

येत्या ग्रामसभेत हे मी उभं राहून वाचणार आहे. भाऊ नको म्हणतो. तरी वाचणार. दारात उभं राहून तिला म्हणायचं होतं ते एवढंच: अक्का, तू खरं बोललीस. मला पंधरा दिवसांत कळलं होतं, तरी मी तोंड उघडलं नाही. मला माफ कर.