भरलेली किटली

वरच्या खोल्यांमधल्या निम्म्या भाडेकरूंना त्यांचं खरं नाव माहीतच नव्हतं. मालकीण ताईंचा भाऊ म्हणून ते सगळ्यांचे मामा, आणि उजाडल्यापासून शेगडीवर पाणी उकळत ठेवलेलं असायचं म्हणून पाठीमागे आधणमामा. हे नाव त्यांच्या कानावर आलं होतं. ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, पण मनातून खूश असायचे.

बसस्टँडच्या मागच्या गल्लीतलं ते दुमजली घर. वर भाड्याच्या खोल्या, खाली जेवणाची लांबट खोली आणि तिच्या पोटात स्वयंपाकघर. तिथे तांब्याची एक थोरली किटली होती आणि मामांचं सगळं आयुष्य त्या किटलीभोवती फिरत होतं.

कढत पाण्याने होणार नाही असं काम मामांच्या लेखी जगात नव्हतं. टोमॅटोच्या बुडाला सुरीने फुली मारायची, कढत पाण्यात बुडवून लगेच गार पाण्यात टाकायचे, की साल अंगातला सदरा काढावा तशी निघते. भिजवलेला बदाम चिमटीत धरला की सुटून थेट भिंतीवर. कोंबडी सोलायची तर पाणी उकळू द्यायचं नाही. तळाशी बारीक बुडबुडे दिसले की उतरवायचं, नाहीतर पिसांबरोबर कातडीही हातात येते. लाकडी खाटांच्या सांध्यांत किटलीच्या चोचीने धार सोडली की ढेकणांचं खानदान साफ. बरण्या, झाकणं, फडकी, भाजी चिरायची फळी, मोरीचं तोंड, सगळ्यांची पाळी ठरलेली. वरचा एक कारकून नव्या भाडेकरूला सांगायचा, "मामांच्या समोर फार वेळ गप्प बसू नका. तुम्हालाही धुऊन काढतील."

ही किटली भरली की मामांशिवाय कुणी उचलायची नाही. ताईंना ती उचलता येत नाही, हे घरात सगळ्यांनी धरूनच चाललेलं.

मामा नुकते पावलं टाकायला लागले होते तेव्हाची गोष्ट. शेगडीवरून उतरवलेल्या किटलीचं फडकं खाली लोंबत होतं. पोराने ते धरून ओढलं. ताई शाळेतली मुलगी. तिने भावाला ढकललं आणि हात मध्ये घातला. भाऊ कोरडा राहिला. तिच्या उजव्या हाताची बोटं तळव्याकडे वळली ती वळलीच. बाकीच्या मुलांना झोपताना राजाराणीची गोष्ट मिळते, मामांना आईकडून ही मिळाली. ताईंनी मात्र एकदाही तो विषय काढला नाही. त्यांना काढायची गरजच नव्हती. रोज जेवताना तो हात मामांच्या समोरच असायचा.

मग मामा वयात आले आणि कुणी लग्नाचं काढलं की म्हणायचे, "ताईची किटली कोण उचलणार?" उत्तर असं बिनतोड निघालं की मामा ते जिथे तिथे वापरायला लागले. बंदरावर चांगली नोकरी चालून आली, किटली कोण उचलणार? मित्रांनी चार दिवस डोंगरात फिरायला बोलावलं, किटली कोण उचलणार? असं करता करता केस पिकले आणि बोलावणारे बोलवायचं थांबले. मामा मागच्या दारात उभे राहून सुटणाऱ्या बसगाड्यांच्या पाट्या वाचायचे. कुठली बस कुठे जाते हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यातल्या एकाही गाडीत ते कधी बसले नव्हते. मग आत पाणी उकळायला लागलं की ते निमूट आत जायचे.

अशात कोपऱ्यातल्या खोलीत मशीनवाली राहायला आली. शिवणाचं मशीन घेऊन आली म्हणून मशीनवाली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, हात चपळ आणि जीभ त्याहून चपळ. एकदा गिऱ्हाइकाच्या पांढऱ्याशुभ्र झग्यावर काळ्या द्राक्षांचा रस सांडला आणि ती रडकुंडीला येऊन खाली आली. साबण लावणार तोच मामा ओरडले, "साबण नको! साबणाने डाग पक्का होईल." त्यांनी झगा पातेल्याच्या तोंडावर ताणून बांधला, किटली खांद्याइतकी उंच धरली आणि वरून बारीक धार सोडली. डाग फिका झाला, मग दिसेनासा झाला. मशीनवालीने तोंडात बोट घातलं.

पुढच्याच आठवड्यात तिच्या बोटात सुई गेली आणि रक्ताचा थेंब दुसऱ्या एका पांढऱ्या कापडावर पडला. या वेळी तिने मामांना न विचारता स्वतःच कढत पाणी ओतलं. डाग विटकरी होऊन कायमचा बसला.

"अहो, फळाला कढत, रक्ताला गार," मामा हळहळले. "रक्त शिजतं ना!"

"मला काय माहीत? आता तुम्हीच शिकवा," ती म्हणाली.

शिकवणी बरीच लांबली. आधी ती सगळ्यांसारखी मामा म्हणायची. मग मामा म्हणायचं थांबली आणि "अहो, ऐकलंत का" म्हणायला लागली. जेवणाच्या खोलीत माना खाली घालून हसू दाबलं जायचं. ताईंच्याही कानांवर ते पडत होतं. त्या मशीनवालीच्या ताटात थोडं जास्त वाढायला लागल्या.

एक दिवस तिने मामांना गाठून सरळच विचारलं. तिच्या भावाच्या गावी दुकानाची जागा मिळाली होती, मागे दोन खोल्या. "गुरुवारी सामानाचा टेम्पो येतोय. तुम्ही येताय का?"

मामांचे कान तापले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना हवी असलेली गोष्ट कुणीतरी हातावर आणून ठेवली होती. आणि त्यांच्या तोंडून निघालं, "पण किटली..."

"बाई ठेवा ना एखादी! माणसं काय मिळत नाहीत?"

मामांनी ताईंना भीत भीत सांगितलं. ताई म्हणाल्या, "बघू या बाई." दुसऱ्याच दिवशी बाई आली. दणकट होती, कामाला वाघ होती आणि सांगितलेलं एका फटक्यात समजून घ्यायची. भरलेली किटली तिने अशी उचलली, जणू रिकामीच होती. मामा दिवसभर तिच्या मागे मागे. फडकं असं धर. झाकण आधी काढ. तिने सगळं केलं. संध्याकाळी दुधाच्या पातेल्यात तिने आधी गार पाणी न फिरवता एकदम कढत ओतलं. दुधाची साय शिजून तळाला चिकटली. खरवडली असती तर निघाली असती. मामांनी मात्र घर डोक्यावर घेतलं. असं पातेलं वापरलं तर उद्याचं दूध नासेल, परवा लोक आजारी पडतील, ताईचं नाव जाईल! बाईने पदर खोचला, "तुमचं तुम्हालाच लखलाभ," म्हणाली आणि चालती झाली.

"बघितलंस?" मामा ताईंना म्हणाले. "कुणाला जमत नाही."

ताईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मामांना वाटलं, तिलाही काळजी लागली.

गुरुवार उजाडला. टेम्पो दारात आला आणि मशीन वर चढवून दोरीने बांधलं गेलं. मामांनी पिशवी भरली होती, तरी पाय निघत नव्हता. ताईला शेवटचं आधण उतरवून देतो आणि जातो, असं मशीनवालीला सांगून ते स्वयंपाकघरात आले आणि उंबऱ्यातच थबकले.

ताई ओट्याशी उभ्या होत्या. किटलीची कडी डाव्या हातात आणि चौघडी फडकं घातलेलं उजवं मनगट किटलीच्या बुडाखाली. किटली काठोकाठ भरलेली. त्यांनी बरण्यांवर सावकाश धार धरली, एकेक करून सगळ्या भरल्या, आणि एक थेंबही बाहेर सांडला नाही.

"ताई! तुला जमतं?"

"जमतं."

"कधीपासून?"

"आई होती तेव्हापासून."

मामा भिंतीला टेकले. "मग बोलली का नाहीस?"

ताईंनी किटली खाली ठेवली. "आधी वाटायचं, बोलले तर तू जाशील. मी एकटी पडेन. ती माझी चूक. नंतर बंदरावरची नोकरी आली तेव्हा सांगणार होते, तर तू माझ्या आधीच त्यांना नाही म्हणून आलास. तुझा चेहरा बघितला मी. सुटल्यासारखा झाला होता. मग म्हटलं, याला कारण लागतं, तर असू दे त्याच्याकडे." त्या जवळ आल्या. "त्या बाईला तू घालवलंस तेव्हा मला राहवेना. आज डोळ्यांनी बघितलंस ना? आता कारण नाही राहिलं. जा रे बाबा. ती चांगली आहे."

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. "अहो, ऐकलंत का!" मशीनवालीची हाक आली. पिशवी दाराशी होती आणि तिथून टेम्पो चार पावलांवर होता. परक्या गावातलं दुकान, मागच्या दोन खोल्या, सकाळी उठून काय करायचं हे कुणीच ठरवून न दिलेला दिवस. मामांना भीती वाटली. चांगल्या पन्नाशीला आलेल्या माणसाला अनोळखी घरी एकटं सोडलेल्या पोरासारखी भीती वाटली.

हॉर्न पुन्हा वाजला, जरा लांबून. मग टेम्पोचा आवाज गल्लीच्या तोंडाशी गेला आणि मोठ्या रस्त्यावरच्या गाड्यांत मिसळून गेला.

मामांनी ओट्यावरची किटली उचलली. "फार भरलीस," ते पुटपुटले. "पोळशील अशाने."

ताई खाली बसल्या आणि वळलेल्या बोटांचा हात तोंडावर धरून रडायला लागल्या. हात भाजला तेव्हाही ती पोर रडली नव्हती, असं आई सांगायची.

"रडू नकोस ताई," मामा म्हणाले. "मी कुठ्ठे जात नाही."

त्यावर त्या आणखीच रडायला लागल्या.