गाण्यांवरची रिकामी पट्टी

इंटरनेटवर एकदा चढलेला शब्द अमर होतो. हे आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये नगरसेवक म्हणाले होते. शेजारच्या काकांच्या वेबसाइटचं उद्घाटन होतं. नगरसेवकांच्या गळ्यात हार होता, आणि ज्या माउसचं बटण ते दाबणार होते त्यालाही एक छोटा हार होता.

काका चाकणच्या एका प्रेस शॉपमधून, म्हणजे पत्रा कापायच्या कारखान्यातून, रिटायर झालेले. जयंतीला वस्तीत गायची गाणी ते स्वतः लिहीत. ध्रुवपद सगळी वस्ती म्हणायची. कडवी एकटे काका, तीही वाचून. महाळुंग्याची खोली सोडून रावेतला येताना त्यांनी सगळी गाणी दोन बोटांनी कॉम्प्युटरवर उतरवली आणि वह्या रद्दीत दिल्या.

साइटचा सांगाडा माझा, गाण्यांच्या फाइली त्यांच्या. खोट एकच होती: प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर एक रिकामी पांढरी पट्टी दिसायची. त्यांचं जुनं नोटपॅड युनिकोड फाइल सेव्ह करताना सुरुवातीला तीन बाइटची एक न दिसणारी खूण चिकटवतं; पट्टी तिच्यामुळेच. बाइट कोणत्या क्रमाने वाचायचे, हे सांगणं तिचं काम. आमच्या फाइलींमध्ये क्रम एकच असल्यामुळे तिला सांगण्यासारखं काही नव्हतं. तरी ती सगळ्यांच्या पुढे उभी असायची. असे लोक प्रत्येक व्यासपीठावर असतात.

"राहू द्या काका, रविवारी येऊन काढतो," मी ऑफिसातून फोनवर म्हणालो.

"पत्रा कापल्यावर कडेला कुसळ राहिलं, तर आमी ते रविवारपर्यंत ठेवायचो का राव? घासायचं आणि माल पुढं."

त्यांनी आधी साइटच्या मथळ्याची फाइल घेतली. सेव्ह करताना एन्कोडिंगच्या, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीच्या, जागी युनिकोडऐवजी 'एएनएसआय' निवडलं आणि मथळ्यावरची तशीच पट्टी गेली. त्या फाइलीत नुसता इंग्रजी कोड होता. पद्धत बसली, म्हणून मग सगळी गाणीही तशीच घासून साइटवर चढवली.

रविवारी गेलो तेव्हा स्क्रीनवर कडवीच्या कडवी प्रश्नचिन्हं होती.

"नोटपॅडनं काही विचारलं नाही का?"

"दर फायलीला इंग्रजीत एक डबा यायचा. ओके केलं."

"वाचलं नाहीत?"

"मशीनवर अलार्म आला की रीसेट मारायचा. वाचत बसलो असतो तर शिफ्टचं टार्गेट तुझ्या आजोबानं काढलं असतं?"

त्या डब्यात लिहिलं होतं की असं सेव्ह केल्यास अक्षरं नष्ट होतील. एएनएसआयमध्ये देवनागरीला जागाच नाही. प्रत्येक अक्षर काढून तिथे प्रश्नचिन्ह बसतं. मागे काही दडलेलं राहत नाही.

"उलटं फिरवता येत असंल की."

"नाही येत."

पेन ड्राइव्ह पाहिला. शिस्तीचा माणूस, दुरुस्त माल तिथेही चढवला होता. होस्टिंगवाल्याकडे बॅकअप नव्हता. जुनी पानं साठवणाऱ्या एका परदेशी साइटवर आमचं फक्त पहिलं पान सापडलं, म्हणजे गाण्यांची यादी.

काकांनी यादीतलं एक नाव वाचलं आणि ध्रुवपद म्हटलं. ते बरोबर आलं. पुढे नुसती चाल आली, शब्द आले नाहीत. दुसरं घेतलं, तेही तिथेच अडलं. मग त्यांनी चष्मा काढला.

"पान तरी नीट दिसतंय का, ते बघ," ते म्हणाले.

मी मोबाइलवरही पाहिलं. प्रश्नचिन्ह सगळीकडे बरोबर दिसतं.