फाटकाची बुद्धी

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर लोक येतात, उलटा कागद देतात आणि कोरी प्रत आली की माझ्यावरच डाफरतात. अशानं माणूस तापट होणार नाही तर काय होणार? बायको म्हणते, दुकान नव्हतं तेव्हाही तू असाच होतास. असो. हे माझ्याबद्दल नाही, आमच्या दाजींबद्दल आहे. माझ्याबद्दल जे येईल ते नाइलाजानं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कारखान्यात वेल्डर. मोठमोठ्या टाक्यांचे सांधे जोडायचे, सत्तावीस वर्षं हेच काम. मनगटांवर ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग, आणि बोलणं जेवढ्यास तेवढं. आमच्या घरी नळ गळला, कपाटाचं दार निखळलं, की दाजींना फोन. ते यायचे, काम करायचे, हात धुवायचे, चहा घेऊन जायचे. कुठल्या गोष्टीत कुणी त्यांचं मत विचारल्याचं मला आठवत नाही. मी तर नाहीच विचारलं.

दर रविवारी दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत, कागदाच्या गठ्ठ्यांवर फळी टाकून आम्ही एक खेळ खेळतो. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. सूत्रधार गोष्ट सांगतो: समोर पूल आहे, पुलावर राक्षस बसलाय, बोला, काय करता? खेळणारे काय ते सांगतात, आणि जमलं की फजिती झाली हे फासे ठरवतात. चाळिशी उलटलेली माणसं असलं काही खेळतात म्हणून हसायचं असेल तर हसून घ्या, आमच्या बायकामुलांनी हसून झालंय. सूत्रधार मी. खोली माझी, पुस्तक माझं, नियम मला तोंडपाठ. त्या फळीशी मी दुकानापेक्षाही जास्त तापट असतो.

सहा वर्षांपूर्वी ताईनंच दाजींना माझ्या गळ्यात घातलं. "रविवारी नुसते छताकडे बघत पडतात रे, घेऊन जा त्यांना." ते आले, खुर्चीच्या कडेला बसले. हॉस्पिटलातल्या नर्सबाई, ज्यांना आम्ही सगळे सिस्टर म्हणतो, आणि एक कुरियरवाला, अशी दोघं आधीपासून होती. पात्र तयार करताना फासे टाकून सहा आकडे काढायचे आणि ते ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी अशा सहा चौकटींत वाटायचे. कुठला आकडा कुठं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. नियमच आहे तसा. दाजींनी फासे टाकले. सोळा, पंधरा, चौदा, बारा, दहा, आठ. ते कागदाकडे बघत काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात मी पेन्सिल उचलली आणि फटाफट भरून मोकळा झालो. ताकद सोळा, काटकपणा चौदा, बुद्धी आठ.

"दाजी, तुम्हाला हाणामारी करायची, डोकं घेऊन काय करणार?" मी म्हणालो. सगळे हसले. दाजीही हसले.

त्यांच्या योद्ध्याचं नाव पडलं फाटक. एकदा दारात उभा राहिला की आत कुणाची बिशाद नाही शिरायची. आणि तेव्हापासून 'डोकं आठ' हा आमचा ठरलेला विनोद झाला. कोडं आलं, जुना शिलालेख आला, की कुरियरवाला म्हणायचा, "फाटकराव, तुम्ही जरा बाजूला." एकदा वजनकाट्याचं एक कोडं घातलं होतं मी. तासभर कुणाला सुटेना. शेवटी दाजी पाणी प्यायला म्हणून उठले आणि जाता जाता सिस्टरच्या कानात काहीतरी पुटपुटले. पुढच्या मिनिटाला सिस्टरनी अचूक उत्तर दिलं, आणि मी सिस्टरचं कौतुक केलं. मला दिसलं होतं, बरं का. आंधळा नव्हतो मी.

गेल्या वर्षी दाजी एक दिवस दुकानात आले. एक जाडजूड वही पुढं केली, दोन प्रती हव्या म्हणाले. उघडून बघतो तर सांध्यांच्या आकृत्या, सूत्रं, धातूंचे तक्ते. सगळं त्यांच्या हातचं, रेघा पट्टीनं मारलेल्या.

"तपासनीसाची परीक्षा आहे," इकडंतिकडं बघत ते म्हणाले. "लेखी. डोळे आता पूर्वीसारखे साथ देत नाहीत रे, ज्योतीसमोर फार वर्षं नाही निघायची. तपासनीस झालो तर दुसऱ्यांचे सांधे तपासायचे. पण पन्नाशीच्या आतच बसता येतं. यंदा शेवटची."

"ताईला माहीत आहे?"

"नाही. नापास झालो तर उगाच तिला... तुला एकट्याला सांगतोय."

सात महिने त्यांनी अभ्यास केला. मधूनमधून नवी पानं आणायचे, मी प्रती काढून द्यायचो, 'झालं का पाठ?' म्हणून चिडवायचो. परीक्षा एका गुरुवारी होती. आता मी जो रविवार सांगणार आहे तो त्याच्या चार दिवस आधीचा. हे मला माहीत होतं. माहीत असलेला माणूस मी एकटाच होतो.

त्याच्या आदल्या रविवारी सिस्टरचा म्हातारा मांत्रिक खेळात मेला. त्याचं प्रेत फाटकानं खांद्यावर घालून गुहेतून बाहेर आणलं, आणि त्याची मंत्रांची पोथी फाटकाच्याच झोळीत राहिली. या रविवारी सगळी पात्रं कौशल्याची एक पायरी वर चढणार होती. आता, नवी पायरी चढताना विद्या बदलता येते. योद्धा म्हणू शकतो, सात पायऱ्या तलवार फिरवली, आठवी मंत्रांची घेतो. फक्त त्यासाठी बुद्धी निदान तेरा लागते.

दाजी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. बसल्या बसल्याच म्हणाले, "फाटकाची पुढची पायरी मांत्रिकाची घेतो म्हणतो."

कुरियरवाल्यानं टेबलावर थाप मारली. "अहो, आठाला तेरा करायला पोथी नाही, देव लागेल!"

"चौदा आहे," दाजी हळूच म्हणाले आणि कागद माझ्यापुढं सरकवला.

बुद्धीच्या चौकटीत खोडलेलं होतं. माझा आठ गेला होता आणि तिथं चौदा उभा होता, टाकीवर नंबर टाकतात तसा ठसठशीत. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या फळीवर खाडाखोड! सहा वर्षांत कुणाची हिंमत झाली नव्हती. पुढचं सगळं मला शब्दन् शब्द आठवतं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

"दाजी, लबाडी करायची तर निदान झाकून तरी करा," मी म्हणालो. "आयुष्यभर लोखंडाला लोखंड चिकटवलंत. खोडरबरानं अक्कल येते होय?"

कुणी हसलं नाही. कुरियरवाला खाली बघायला लागला. सिस्टर म्हणाल्या, "अहो, काय बोलताय!" पण धनुष्यातून सुटलेला बाण कुठं परत येतो?

दाजींचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "चुकलं माझं," ते म्हणाले. मोठ्या बहिणीचा नवरा, वयानं माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, आणि मला म्हणतो, चुकलं माझं. उठले. दाराशी बसून बुटांच्या नाड्या बांधायला त्यांना फार वेळ लागला, आणि आम्ही तिघंही ते बघत बसलो.

पाच वाजता सगळे गेल्यावर मी आवरायला घेतलं. दाजींचा कागद तिथंच राहिला होता. पुरावा म्हणून ठेवू म्हटलं, पुढच्या वेळी दाखवता येईल. बघा, इतका हलकट झालो होतो मी. उचलला, आणि तेव्हा पहिल्यांदा अख्खा कागद वाचला. आठ कुठं गेला नव्हता. तो काटकपणाच्या चौकटीत होता. काटकपणाचा चौदा बुद्धीत, बुद्धीचा आठ काटकपणात. नुसती अदलाबदल. आकडे तेच सहा, पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं टाकलेले. आणि काटकपणा घटला की पात्राचे प्राणही घटतात, म्हणून तेही त्यांनी कमी केले होते. सातही पायऱ्यांचा हिशोब करून, अडुसष्टचे सत्तेचाळीस. मी पुस्तक काढून ताडून पाहिलं. बरोबर होतं. जे वाटून घ्यायचा त्यांचा हक्क पहिल्याच दिवशी मी हिसकावला होता, तेवढंच त्यांनी परत मागितलं होतं, वर त्याची भरपाईही केली होती. लबाडी झालीच असेल तर सहा वर्षांपूर्वी झाली होती, आणि ती माझी होती.

आता कुणीही शहाणा माणूस काय करेल? फोन उचलेल. हातात चार दिवस होते. रविवारची संध्याकाळ, सोमवार, मंगळवार, बुधवार. सोमवारी मी दोनदा फोन हातात घेतला. मग वाटलं, विचारल्याशिवाय खोडलं ही चूक त्यांची नाही का? आधी विचारायला काय झालं होतं? मंगळवारी वाटलं, पुढच्या रविवारी चारचौघांत मोठ्या मनानं सांगू, म्हणजे शोभून दिसेल. बुधवारी दुकानात गर्दी होती. खरं सांगायचं तर, गर्दी नव्हती. मला माफी मागायची लाज वाटत होती, बस. खेळातल्या मांत्रिकाचा आणि गुरुवारच्या परीक्षेचा संबंध मला कळला नव्हता असंही नाही. तो मला रविवारी संध्याकाळीच कळला होता: गुरुवारी डोकं चालवायचं होतं, त्याची हिंमत ते आधी फळीवर करून बघत होते.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी कारखान्याच्या गेटवर गेलो. दाजी बाहेर आले, हातमोजे काखेत धरून.

"पेपर कसा गेला?" मी विचारलं.

"नाही बसलो."

"म्हणजे?"

"गेलो होतो की. पेन होतं, वही होती. केंद्राच्या दारापर्यंत गेलो. सगळी पोरं विशी-पंचविशीची. म्हटलं, आपलं हसं व्हायचं." ते हसले. "मग परत फिरलो आणि दुपारपाळीला आलो."

मी म्हणालो, दाजी, मी कागद नीट वाचला, तुमचं काही चुकलं नव्हतं, मी गाढव आहे. बरंच काही बोललो. जोडा काढून माझ्या तोंडात हाणला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"प्राणांची वजाबाकी बरोबर होती ना?" त्यांनी विचारलं. "दोनदा केली होती मी."

"बरोबर होती."

"मग झालं तर," ते म्हणाले, आणि भोंगा झाला म्हणून आत गेले.

ताईला यातलं आजही काही माहीत नाही. परवाच मला म्हणाली, तुझ्या खेळामुळं माणूस जरा रमतो बघ. मी मान डोलावली.

पुढच्या रविवारी दाजी आले. येतील असं मला वाटलं नव्हतं, पण ते तसेच आहेत. मी सगळ्यांसमोर हात जोडले, चूक कबूल केली. रात्री बसून नवा कागद छापला होता, जाड पिवळ्या कागदावर, बुद्धी चौदा. तो त्यांच्यापुढं ठेवला. सिस्टरनी टाळ्या वाजवल्या. कुरियरवाला म्हणाला, "या, मांत्रिकबुवा!" दाजींनी कागद दोन्ही बाजूंनी पाहिला, छान छापलाय म्हणाले.

मी पेन्सिल त्यांच्या हातात दिली. "लिहा दाजी. आठवी पायरी, मांत्रिक. तुमच्या हातानं."

त्यांनी पेन्सिल माझ्याकडं परत सरकवली.

"योद्धाच लिही," ते म्हणाले. "आणि कुणाला हाणायचं तेवढं सांग."