मरळीची जागा

गळ टाकण्याआधी भिमामावशी बराच वेळ नुसती पाण्याकडे बघत उभी राही. तांबूस पिलांचा पुंजका वर येताना दिसला, की काठी खांद्यावर टाकून दुसऱ्या काठाला जाई. "खाली मरळ हाय. पोरं सांभाळते ती. तिला आता नाय धरायची," म्हणे. डोळखांबकडच्या त्या गावात मी शाळेवर होतो आणि तिच्याच घरातल्या एका खोलीत भाड्याने राहत होतो. नवरा गेल्यापासून तलावातल्या माशांवरच तिचं चाललं होतं.

एका वर्षी भाताच्या लावण्या आटोपल्यावर शहरातले लोक मासेमारीची स्पर्धा घेऊन आले. मासा पकडायचा, काठावरच्या तंबूत वजन करायचं, फोटो काढायचा आणि जिवंत सोडून द्यायचा. "मारीत नाय ना, मग काय," म्हणत मावशीनेच त्यांच्या होडीत बसून मरळींच्या जागा दाखवल्या. पिलांची राखण करणारी मरळ गळावर चवताळून येते, हे त्या लोकांना चांगलं ठाऊक होतं.

दुपारी ती तंबूपाशी आली. वजन झालेल्या मरळी तिथेच पाण्यात सोडत होते.

"आय सोडली, पन कुठं सोडली?" तिनं विचारलं. "पोरं तिकडं, त्या टोकाला."

"जाईल पोहत, मावशी," एक तरुण नम्रपणे म्हणाला.

ती मला घेऊन त्या टोकाला गेली. पुंजका विस्कटला होता आणि चिलापी मासे एकेक पिलू टिपत होते. मावशी गुडघाभर पाण्यात उभी राहून काठी आपटत राहिली. चिलापी हटत, पुन्हा येत. दिवस कलेपर्यंत तिथं एकही पिलू उरलं नाही. घरी येताना ती एवढंच बोलली, "मीच दाखवली जागा, गुरुजी."

पुढच्या वर्षी तिनं सरपंचांना सांगून पाहिलं. "पिलं मोठी होऊ द्या, मंग घ्या स्पर्धा." पण स्पर्धेच्या दोन दिवसांत गावात चहा-वडे खपत, लोकांच्या खोल्या भाड्याने जात. "मावशे, तलावातले मासे काय संपतात का?" सरपंच म्हणाले. त्याही वर्षी स्पर्धा झाली. तिसऱ्या वर्षी सगळ्या स्पर्धकांना मिळून एकच मरळ लागली. त्यानंतर स्पर्धा दुसरीकडे गेली. मावशीच्या गळालाही काही लागेना, तेव्हा ती किन्हवलीकडे भेंडी खुडायला जाऊ लागली. परतली की पायरीवरच बसून राही, तिला लगेच उठवत नसे.

माझी मुरबाड तालुक्यात बदली झाली, तेव्हा ती एसटीपर्यंत आली. म्हणाली, "तिथंबी तलाव असंल. बायांना सांगा, जागा दाखवू नका."

गेल्या महिन्यात इथल्या तलावावर स्पर्धेचा फलक लागला. काठावर गळ टाकून बसलेल्या एका बाईला मी हे सगळं सांगितलं. तिनं गळ वर न काढता ऐकून घेतलं. मग विचारलं, "ती मावशी हाय का अजून?"

बदलीनंतर मी तिकडे एकदाही गेलो नव्हतो.