ओल्या खोक्यांवरची उडी

मोक लाय-चानला सुईत दोरा ओवायला डोळे लागत नसत. हाँगकाँगच्या उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी एका सिनेकंपनीनं जुन्या कँटनची अख्खी गल्ली लाकडात उभी केली होती. तिथल्या कपडेपटात बसून ती मारामारीवाल्यांच्या झग्यांना आतून कापसाच्या गाद्या शिवायची. कोपर, कंबर, माकडहाड. बाहेरून फाटका हमाल दिसला पाहिजे आणि आतून उशी, एवढंच तिचं गणित.

तिचा नवरा थोंग फुक-सिंग त्याच गल्लीत रोज पडायचा. त्याला सगळे माऊ म्हणत. कँटनी बोलीतही मांजर म्हणजे माऊच, आणि हा कुठूनही फेकला तरी पायांवर उतरायचा. लहानपणी ऑपेरावाल्या गुरुजींच्या छड्या खात तो कोलांट्या शिकला होता. पुढे ऑपेऱ्याचा धंदा बसला आणि तो सिनेमात आला. गुरूच्या खुनाचा सूड घेणाऱ्या आंबट चेहऱ्यांच्या वीरांना तेव्हा लोक कंटाळले होते. आता त्यांना वेणीवाला भुक्कड नोकर हवा होता, जो मार खातो, पळतो, बाकावरून घसरतो आणि त्याच बाकानं गुंडाला लोळवतो. कारखान्यात दिवसभर मुकादमाची बोलणी खाणाऱ्यांना पडलेला माणूस उठताना बघायचा होता. माऊ तर अशा ऐटीत उठायचा की लोक टाळ्या पिटायचे.

म्हणून प्रत्येक सिनेमात त्याला थोडं अजून वरून पडावं लागे.

या सिनेमाचा मुहूर्तच लाय-चानला खटकला होता. भाजलेल्या डुकरापुढे दिग्दर्शक हाउ यांनी तीन उदबत्त्या लावल्या. दोन भराभर जळल्या, एक उंच उरली. दोन आखूड, एक लांब, म्हणजे मरणाचा अपशकुन. तिच्या आईनं अशी उदबत्ती पाहिली असती तर त्या दिवशी घराबाहेर पाऊल टाकलं नसतं. लाय-चाननं आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांचं लक्ष डुकराच्या कुरकुरीत कातडीवर होतं.

माऊच्या मोठ्या उडीच्या सकाळी वादळाचा बावटा लागला. वारा नव्हता. हवा नुसती अंगाला चिकटत होती आणि डोंगराच्या मागे आभाळ जखमेसारखं काळंनिळं झालं होतं. चहाघराच्या तिसऱ्या मजल्यावरून माऊनं पावांची टोपली घेऊन पडायचं, दारावरच्या कापडी छपरावर आपटायचं, खाली यायचं आणि शेवटी हातात उरलेला एक पाव खायचा. त्याला झेलायला खाली पुठ्ठ्याची रिकामी खोकी रचली होती. झगा द्यायला आलेल्या लाय-चाननं सहज एक खोकं दाबलं. बोट आत गेलं.

“माऊ, खोकी ओली आहेत.”

“दमट आहेत गं.”

“बोट आत गेलं माझं.”

“तुझी बोटं म्हणजे सुयाच की. दगडातही जातील.” तो हसला, पण वर बघून. तिच्या नजरेला नजर दिली नाही.

ती हाउंकडे गेली. “साहेब, कोरडी खोकी मागवा ना. दुपारपर्यंत येतील.”

“वहिनी, दुपारपर्यंत ही गल्ली उडून समुद्रात गेलेली असेल,” हाउ म्हणाले. “तुमचं मांजर भिजायला घाबरतं की काय?”

सगळे खो खो हसले. माऊही हसला आणि जिना चढायला लागला. त्या हसण्यानंतर त्याला खाली येण्याचा दुसरा रस्ता उरला नव्हता.

वर त्यानं झिंगल्यासारखा तोल सावरला, पुन्हा घालवला. कठडा मोडला. कापडी छप्पर फाटलं. खोकी एरवी फटाक्यासारखी फुटतात; या वेळी नुसता फस्स आवाज झाला. चिखलात पाय पडावा तसा. क्षणभर काही हललं नाही. मग पुठ्ठ्यांतून एक हात वर आला. हातात पाव. माऊनं मान उचलून त्याचा लचका तोडला आणि कॅमेऱ्याकडे बघितलं.

अख्खी गल्ली हसत सुटली. कॅमेरावाल्यानं पोट धरलं. लाय-चान तेवढी पुढे धावली, कारण तो चावत नव्हता. घास तसाच तोंडात धरून तो डोळ्यांनी तिला शोधत होता.

कमरेचं हाड तीन जागी मोडलं. डावा पाय पुन्हा शरीराचं ऐकेना.

सिनेमा लागला तेव्हा तो घरी पडून होता. “जाऊन ये,” तो म्हणाला. “लोक काय करतात ते बघून ये.”

दुपारच्या खेळाला थिएटर गच्च भरलं होतं. सुक्या माकुळाचा वास, भोपळ्याच्या बिया फोडल्याचा आवाज. तो प्रसंग आला की डोळे मिटायचे, असं तिनं ठरवलं होतं. जमलं नाही. माऊ पडला आणि हजार माणसांचा श्वास अडकला. मग हात वर आला. पाव. लचका. ती एक नजर. छप्पर उडेल असा हशा फुटला. शेजारच्या म्हातारीनं हसता हसता तिच्याच मांडीवर थाप मारली. आणि लाय-चानच्याही घशातून हसू फुटलं. तिनं तोंडावर हात दाबला, तरी थांबेना. पडद्यावर तो धडधाकट होता. लचक्यानंतर चित्र कापलं होतं.

खेळ सुटल्यावर ती तडक घरी आली.

“हसले?” त्यानं अंथरुणातून विचारलं.

“हसले.”

“आणि तू?”

खोटं बोलावं असं तिला वाटलं. “मी पण.”

त्याच्या चेहऱ्यावर पडून उठतानाची ती जुनी ऐट आली. कित्येक महिन्यांनंतर त्या दिवशी त्यानं मागून भात घेतला.

दुसऱ्याच आठवड्यात हाउंनी पुढच्या सिनेमाचं बोलावणं धाडलं. लोकांनी ती उडी डोक्यावर घेतली होती. आता देवळाच्या घंटेच्या मनोऱ्यावरून. पडणारा होता माऊचा गुरुबंधू क्वान. तो कपडेपटात शीळ घालत आला आणि हात पसरून उभा राहिला.

“वहिनी, माप घ्या. आणि दादाला सांगा, त्याच्याहून जास्त हसवणार बघा.”

लाय-चाननं फीत त्याच्या कमरेभोवती फिरवली. तो गुदगुल्या झाल्यासारखा हसत होता. ती मात्र फीत धरून उभीच राहिली, आकडा न वाचता.