पी गो बाय

माझी स्कूटर नंदाखाल गावातल्या ज्या मेकॅनिककडे असते, तो इंजिनाशी भांडतो आणि गिऱ्हाइकाला नुसतं ‘थांब’ म्हणतो. मागे त्याने गॅरेजच्या जमिनीवर हौसेने एपॉक्सीचा रंग लावला; तेलकट काँक्रीटवरून त्याचे पापुद्रे सुटले आणि गावभर हसं झालं. यंदा पुन्हा रंग लावण्याआधी तो जमीन मशीनने घासायचा, धुवायचा, सुकली की पाण्याचे थेंब टाकून बघायचा. अळवाच्या पानावर राहावेत तसे थेंब वरच राहिले, की तेल अजून आहे म्हणून पुन्हा घासायला सुरुवात.

काल तो ओणवा होऊन जमिनीला विनवत होता, “पी गो बाय, पानी पी!”

थेंब पसरला आणि जिरला.

“प्याली!” तो रस्त्यावर जाऊन ओरडला. “आता धरतो बघ रंग!”

हसलेले सगळे बघायला धावले. त्याने दारातच हात आडवा केला.

“चपला काढा!”

आधी मी काढल्या.